लेखकाच्या वेबसाइटवर वाचक काय शोधतो?
कारागीर व व्यापारी बंधूंसाठी एक अभ्यास

दुकानाची पाटी रंगवून घ्यावी तशी वेबसाइट तयार करून घेण्याची पद्धत आता आपल्या बाजारपेठांतही रुळली आहे. पुष्कळ बंधू त्यासाठी पैसे खर्च करतात आणि वर्षभराने ‘त्यातून एकही गिऱ्हाईक आले नाही’ अशी तक्रार करतात. दोष साधनाचा नसतो. वेबसाइट उघडणाऱ्या माणसाला काय हवे आहे, याचा विचार न करता ती बनवलेली असते, हे त्याचे खरे कारण होय.

हा विषय नीट समजावा म्हणून आज आपण एका वेगळ्या धंद्याचा अभ्यास करू. तो धंदा म्हणजे लेखकाचा. साखर, सिमेंट किंवा सूत घेताना गिऱ्हाईक भाव आणि वजन पाहते. पुस्तकाचे तसे नाही. पूर्ण वाचून झाल्याशिवाय माल कसा आहे ते कळत नाही, आणि वाचून झाल्यावर तो परत करता येत नाही. म्हणून वाचक लेखकाच्या नावावर पुस्तक घेतो. हाताने बनवलेली सतार, जरीकाम, लाकडावरील नक्षी किंवा चामड्याचा जोडा हेही असेच नावावर विकले जातात. अशा मालाचा धनी वेबसाइट काढतो तेव्हा तिने कोणते काम करावे, हे लेखकांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

१. येणारा माणूस प्रश्न घेऊन येतो

लेखकाची वेबसाइट सहसा कोण उघडतो? ज्याने त्याचे एखादे पुस्तक वाचले आहे, निदान नाव तरी ऐकले आहे, असा माणूस. रस्त्याने जाताजाता सहज डोकावणारे तेथे थोडेच. म्हणजे येणारा माणूस अर्धा राजी होऊनच आलेला असतो. त्याच्या मनात चार-पाच साधे प्रश्न असतात. यांनी आणखी काय लिहिले आहे? मी कोठून सुरुवात करू? पुढचे पुस्तक केव्हा येणार? ते कोठे आणि केवढ्याला मिळेल? आणि ही वेबसाइट खरोखर त्यांचीच आहे ना?

या प्रश्नांची उत्तरे पहिल्या दोन मिनिटांत मिळाली तर तो थांबतो. त्याऐवजी सत्कारसमारंभाची छायाचित्रे, मान्यवरांचे शुभसंदेश आणि ‘आमच्याविषयी’ या मथळ्याखाली दोन पाने स्तुती दिसली, तर तो निघून जातो. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने लुंगीचा भाव विचारावा आणि मालकाने त्याला आजोबांची तसबीर दाखवत बसावे, तसाच हा प्रकार होतो.

२. मालाची पूर्ण यादी, क्रमाने

वाचकाची पहिली गरज यादीची असते. ब्रिटिश लेखिका अगाथा ख्रिस्ती यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या नावावर ६६ रहस्यकादंबऱ्या आणि १४ कथासंग्रह आहेत. काही पुस्तकांची नावे इंग्लंडमध्ये एक आणि अमेरिकेत दुसरी होती. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ ही १९३४ ची कादंबरी अमेरिकेत त्याच वर्षी ‘मर्डर इन द कॅले कोच’ या नावाने निघाली. ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ ही १९३३ ची कादंबरी तेथे ‘थर्टीन अॅट डिनर’ झाली. हे माहीत नसलेला वाचक नवे पुस्तक समजून जुनेच घरी आणतो. पैसे गेल्याचा राग मग तो लेखिकेवर काढतो. म्हणून त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर पुस्तकांच्या याद्या दिल्या आहेत. कोणता गुप्तहेर कोणत्या पुस्तकात आहे तेही तेथे सापडते.

क्रमाचा प्रश्नही असाच आहे. सी. एस. लुईस यांची ‘नार्निया’ मालिकेतील सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात निघाली. त्यातील ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हे १९५५ मध्ये निघालेले सहावे पुस्तक. कथेच्या काळाप्रमाणे मात्र ते पहिले ठरते. पुढे प्रकाशकांनी कथेच्या काळाप्रमाणे नवे क्रमांक घातले आणि कोणते आधी वाचावे यावर वाचकांत कायमचा वाद सुरू झाला. अशा ठिकाणी ‘हे आधी वाचा’ असे एक वाक्य सांगणारा माणूस वाचकाला हवा असतो.

मराठीतही ही गरज आहे. बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर आहे. त्यांपैकी झुंजारच्या कोणत्या आणि काळा पहाडच्या कोणत्या, हे नव्या वाचकाने एखाद्या जुन्या पुस्तकविक्रेत्याला विचारूनच शिकावे लागते. जे लेखक आज लिहीत आहेत त्यांनी तरी ही वेळ आपल्या वाचकावर आणू नये. पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत आणि आयएसबीएन क्रमांक एवढे एकेका ओळीत दिले तरी पुरे. हा क्रमांक २००७ पासून तेरा अंकी आहे, आणि तो सांगितला की विक्रेत्याला नेमके तेच पुस्तक मागवता येते. जे पुस्तक संपले आहे त्यापुढे ‘सध्या उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहावे. शिल्लक नसलेला माल फळीवर मांडून ठेवणारा दुकानदार गिऱ्हाइकाची फेरी फुकट घालवतो.

३. पुढचा माल केव्हा येणार?

अमेरिकेतील कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांच्या वेबसाइटवर एक साधी सोय आहे. हाती असलेल्या प्रत्येक पुस्तकाचे काम किती टक्के झाले, हे दाखवणारी पट्टी तेथे असते. वर्षाच्या शेवटी, डिसेंबरमध्ये, ते कामाचा हिशेब देणारा एक लांब मजकूर लिहितात: काय पूर्ण झाले, काय मागे पडले, पुढे काय घेणार. ‘वॉरब्रेकर’ ही कादंबरी लिहीत असतानाच त्यांनी तिचे मसुदे वेबसाइटवर मोफत वाचायला ठेवले होते. पुस्तक २००९ मध्ये छापून आले. कारखान्याचे दार उघडे ठेवून काम करण्यासारखेच हे होते.

याचा परिणाम मार्च २०२२ मध्ये दिसला. चार कादंबऱ्या लिहून तयार आहेत, असे त्यांनी जाहीर केले आणि ‘किकस्टार्टर’ या ठिकाणी वाचकांकडून आगाऊ पैसे मागितले. लक्ष्य दहा लाख डॉलरचे होते. तीस दिवसांत १,८५,००० हून अधिक लोकांनी मिळून चार कोटी सतरा लाख डॉलर दिले. त्या ठिकाणी तोपर्यंत कोणत्याही योजनेला एवढी रक्कम मिळाली नव्हती. २०२३ मध्ये ठरल्याप्रमाणे दर तिमाहीला एक अशी चारही पुस्तके वाचकांकडे पोहोचू लागली.

एवढ्या लोकांनी, पुस्तके हाती येण्याआधी, पैसे का दिले? माल चांगला होताच; पण चांगले लिहिणारे इतरही आहेत. या माणसाने अनेक वर्षे आपल्या कामाचा हिशेब उघड्यावर ठेवला होता आणि तो हिशेब खरा निघत आला होता, हे मोठे कारण होय. ‘ईदपर्यंत नक्की देतो’ असे सांगून मोहरमपर्यंत फेऱ्या घालायला लावणाऱ्या कारागिराला कोणी आगाऊ रक्कम देत नाही. उलट ‘काम निम्मे झाले आहे, आणखी वीस दिवस लागतील’ असे खरे सांगणाऱ्यासाठी गिऱ्हाईक थांबते. वेबसाइटवर लिहिलेली तारीख हा शब्द दिल्यासारखाच आहे. पाळता येईल तीच तारीख लिहावी, आणि ती चुकणार असे दिसताच आपणहून बदल कळवावा.

४. कोठे मिळेल, केवढ्याला मिळेल

हा प्रश्न सर्वांत सोपा आणि तरीही बहुतेक वेबसाइटवर याचेच उत्तर सापडत नाही. वाचकाला पुस्तक आवडले; आता ते घ्यायचे कसे? ‘सर्व प्रमुख विक्रेत्यांकडे उपलब्ध’ या वाक्याचा त्याला काहीही उपयोग नाही. कोणत्या शहरात कोणत्या दुकानात मिळेल, टपालाने किंवा कुरियरने मागवल्यास खर्च किती, पैसे कोणत्या मार्गाने पाठवायचे, किती दिवसांत पोहोचेल आणि प्रत खराब निघाली तर बदलून मिळेल का, एवढे स्पष्ट हवे.

किंमत लपवणे तर फार नुकसानीचे. ‘भावासाठी संपर्क साधा’ असे वाचल्यावर अनेक लोक संपर्क न साधताच परततात. आपल्याला माणूस पाहून भाव सांगतील, अशी शंका त्यांना येते. प्रत्येक कामाचा भाव वेगळा असेल तर निदान ‘अमुक रुपयांपासून पुढे’ असे लिहावे आणि भाव कशामुळे वाढतो तेही सांगावे.

५. खरे घर कोणते?

इंटरनेटवर कोणीही कोणाच्याही नावाची पाटी लावू शकतो. म्हणून ‘ही वेबसाइट खरोखर त्यांचीच का’ हा वाचकाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ब्रिटिश लेखिका जेनेट विंटरसन यांच्या बाबतीत असेच घडले. त्यांच्या नावाचे डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग हे तिन्ही पत्ते एका तिऱ्हाईत माणसाने आधीच नोंदवून ठेवले होते. विंटरसन यांनी जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवाद केंद्राकडे दाद मागितली. मे २००० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झालेली नसली तरी लेखिकेने कामातून कमावलेले नाव हे तिचे चिन्हच आहे, हा या निकालाचा आधार होता.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, वर्षानुवर्षे चांगले काम करून कमावलेले नाव ही मालमत्ता आहे. दुसरी, तक्रार करून ती परत मिळवण्यापेक्षा आधीच सांभाळणे स्वस्त पडते. वेबसाइटचा पत्ता दरवर्षी ठरावीक रक्कम भरून नोंदवावा लागतो. ही नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर असावी. वेबसाइट बनवणारा तरुण ओळखीचा असतो, म्हणून सर्व काही त्याच्याच नावाने राहते; पुढे तो नोकरीसाठी परगावी जातो, मुदत संपते आणि पाटी उतरते. दुकानाचा करारनामा आपण सुताराच्या नावाने करत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

६. भाड्याची जागा आणि स्वतःची जागा

‘आमचे फेसबुक आहे, इन्स्टाग्राम आहे, मग वेबसाइट कशाला?’ असे काही बंधू विचारतात. या जागा उपयोगी आहेत यात शंका नाही. तेथे माणसांची गर्दी असते. पण त्या जागा दुसऱ्याच्या मालकीच्या आहेत. ‘जिओसिटीज’ या ठिकाणी लाखो लोकांनी आपली पाने मांडली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता ती सेवा बंद झाली. भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ‘टिकटॉक’सह ५९ अॅपवर बंदी घातली. त्यावर आपली कला दाखवून गिऱ्हाईक जमवणाऱ्या माणसांची ओळख एका रात्रीत पुसली गेली. त्यांचे पाहणारे कोण होते, कोठे राहत होते, याची नोंद त्यांच्याजवळ नव्हती.

म्हणून जाणते लेखक गर्दीच्या ठिकाणी हजेरी लावतात, पण वाचकाला शेवटी स्वतःच्या घरी बोलावतात. जे. के. रोलिंग यांनी डिसेंबर २००४ मध्ये ‘हॅरी पॉटर’चे सहावे पुस्तक लिहून झाल्याची खबर आपल्या वेबसाइटवरूनच दिली. अफवांना उत्तर देण्यासाठीही त्यांनी तेथे एक कोपरा राखला होता. पुढे मार्च २०१२ मध्ये या पुस्तकांच्या ई-आवृत्त्या त्यांनी ‘पॉटरमोर’ या स्वतःच्या दुकानातून विकायला काढल्या, तेव्हा अॅमेझॉनसारख्या बलाढ्य विक्रेत्यानेही गिऱ्हाइकाला तिकडे पाठवले. एवढी ताकद प्रत्येकाजवळ नसते हे खरे. परंतु वाचक कोणाच्या घरी येतो हे महत्त्वाचे असते, हे तत्त्व लहान धंद्यालाही लागू पडते.

७. आपले नाव, आपली लिपी

मराठी लेखकाची वेबसाइट शोधूनही न सापडण्याचे एक कारण छापखानावाल्या बंधूंना सहज कळेल. आपल्याकडे मजकूर जुळवण्यासाठी वर्षानुवर्षे असे फाँट वापरले गेले की ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षराचाच आकडा साठवलेला असतो. तो फाँट नसलेल्या यंत्रावर सर्व मजकूर निरर्थक चिन्हांचा होतो आणि गूगलसारख्या शोधयंत्रालाही तो वाचता येत नाही. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा आकडा असतो. म्हणून वेबसाइटवरील मजकूर युनिकोडमध्येच असावा. जाहिरातीसारखे चित्र बनवून त्यात सगळा मजकूर घालू नये. चित्रातील अक्षरांवर शोधयंत्राने विसंबावे अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ.

नावांच्या बाबतीत आपल्या समाजाला विशेष काळजी घ्यावी लागते. ‘शेख’ हे एकच आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. ‘सय्यद’, ‘काझी’ आणि ‘मोहम्मद’ यांचेही तसेच. वाचक कोणत्या पद्धतीने शोधील हे सांगता येत नाही. यासाठी ओळख करून देणाऱ्या मजकुरात आपले नाव देवनागरीत, रोमनमध्ये आणि उर्दू वाचणारे गिऱ्हाईक असेल तर उर्दूतही लिहावे. रोमनमधील जी एक पद्धत पुस्तकावर किंवा पाटीवर आहे तीच सगळीकडे कायम ठेवावी.

८. ओळख किती आणि कशी?

वाचकाला लेखकाविषयी काहीच नको असते, असे मात्र नाही. त्याला लेखकाचा हात पाहायचा असतो. हे पुस्तक कसे सुचले, कोणत्या गावी जाऊन माहिती मिळवली, कोणते प्रकरण तीनदा फाडून पुन्हा लिहिले, हे तो आवडीने वाचतो. पदव्या आणि पुरस्कारांची यादी तो डोळ्यांखालून घालतो आणि विसरतो. पुस्तकातील पहिले प्रकरण वाचायला ठेवले तर हजार शब्दांच्या स्तुतीपेक्षा जास्त काम होते. कापडाच्या दुकानात ठाण उलगडून हातात देतात, ते याचसाठी.

वाचकाला दोन ओळी लिहून पाठवण्याचीही सोय हवी. त्यासाठी पत्ता किंवा क्रमांक द्यावा आणि उत्तर देणे शक्य असेल तरच द्यावा. पुढचे पुस्तक निघाल्यावर कळवावे म्हणून जो वाचक आपला ईमेल किंवा मोबाइल क्रमांक देतो, त्याने तो त्या एका कामासाठी दिलेला असतो. ती अमानत आहे. ती वही दुसऱ्या व्यापाऱ्याला देणे किंवा त्यावर रोज भलतेसलते संदेश पाठवणे हा विश्वासघात होय. २०२३ मध्ये आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचाही रोख संमतीवाचून माहिती वापरू नये असाच आहे.

९. आपल्या कामाला कसे लावावे?

आता हे सर्व कारागिराच्या कामाला लावून पाहू. मिरजेची तंतुवाद्ये घ्या. हत्यारांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांच्यापासून एकोणिसाव्या शतकात तेथे ही परंपरा सुरू झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता दूरचा एखादा गायनाचा विद्यार्थी अशा कारागिराची वेबसाइट उघडतो तेव्हा त्याचे प्रश्न वाचकासारखेच असतात.

यादी: मर्दानी तंबोरा, जनानी तंबोरा, सतार, प्रत्येकाचे माप आणि किंमत. सुरुवात: शिकाऊ माणसाने कोणते वाद्य घ्यावे? तारीख: आज मागणी नोंदवली तर किती महिन्यांनी मिळेल? मिळण्याची सोय: एवढे नाजूक वाद्य रेल्वेने पाठवताना कसे बांधतात, वाटेत भोपळा फुटला तर जबाबदारी कोणाची? नमुना: या हाताने बनवलेल्या वाद्याचा आवाज ऐकायला मिळेल का? आणि खातरी: मिरजेच्या नावाने विकले जाणारे हे वाद्य खरोखर मिरजेतच बनले आहे काय? एवढ्या प्रश्नांना खरी उत्तरे देणारे एक साधे पान, झगमगीत दहा पानांपेक्षा अधिक काम करील. बेकरी, जरीकाम, फर्निचर, बाइंडिंग, शिवणकाम या धंद्यांतील बंधूंनी यात आपापल्या मालाचे शब्द घालावेत.

या आठवड्याचे काम

एक : गेल्या महिन्यात दुकानात किंवा फोनवर गिऱ्हाइकांनी विचारलेले दहा प्रश्न वहीत उतरवून काढा. कल्पनेने लिहू नका. जे विचारले गेले तेच लिहा.

दोन : आपली वेबसाइट असेल तर घराबाहेरील एखाद्या माणसाला ती साध्या मोबाइलवर उघडायला सांगा आणि त्या दहांपैकी किती उत्तरे दोन मिनिटांत सापडतात ते पाहा. वेबसाइट नसेल तर ती दहा उत्तरे आधी कागदावर लिहा. तोच आपल्या वेबसाइटचा मजकूर होईल.

तीन : पत्त्याची नोंदणी कोणाच्या नावाने आहे आणि मुदत केव्हा संपते, हे आजच विचारून घ्या.

चार : ज्या मालाचा पुरवठा बंद झाला आहे तो यादीतून काढा, आणि जी तारीख पाळता येणार नाही ती बदला.

वाचक लेखकाच्या दारी येतो तो त्याच्या आधीच्या कामावर विश्वास ठेवून. गिऱ्हाईकही तसेच येते. त्याला खरे, पूर्ण आणि वेळेवर उत्तर देणे एवढेच वेबसाइटचे काम आहे. ते ज्याला पेढीवर बसून जमते, त्याला येथेही जमेल.